गाडी दोनाच्या आत आली

मनवेलकाका,

आपलं भांडण मिटलं. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं होतं आणि तुम्हीच महिन्यापूर्वी उठून गेलात. वर्षभर तावातावाने वाद घालायचा आणि निकालाच्या दिवशी गैरहजर राहायचं, याला आमच्या बोळिंजकडे टांग देणं म्हणतात. मला तुमचा राग आला आहे. आणि त्याच वेळी मी इतकी खूश आहे की गेले चार दिवस ऑफिसात कुणी काही विचारलं तर मी आधी हसते आणि मग उत्तर देते. माणूस जाऊन जेमतेम महिना होतोय, तर कुणी असं वागतं का, असं आईने काल विचारलंच.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाय, तोंडाने सांगू नको, गाडी आन." आणतेच आहे. पण थोडं मागून सुरू करू द्या, कारण काही गोष्टी मी तुमच्यापासून लपवल्या होत्या आणि त्या कबूल केल्याशिवाय मला जिंकल्यासारखं वाटणार नाही.

मी पहिल्यांदा भुईगावला आले तेव्हा तुम्ही बावखलाच्या पायरीवर बसून पेरू खात होतात. केळीच्या वाडीत ते तुमचं तळं, तळ्याकाठी पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन गाड्या आणि एका गाडीखाली अंड्यांवर बसलेली कोंबडी, जिच्यामुळे ती गाडी वीस दिवस हलवायची नाही असं तुम्ही मालकाला सांगून टाकलं होतंत. मी औषधांच्या कंपनीत नमुने तपासणारी बाई. समोर आकडा असल्याशिवाय मला करमत नाही. माझ्या लाल हॅचबॅकला गाडीच्या कंपनीतूनच छोटा टर्बो बसवलेला होता आणि मला तिची ताकद वाढवायची होती. किती, असं तुम्ही विचारलंत. वाढेल तेवढी, असं मी म्हटलं. तुम्ही पेरूच्या बिया थुंकलात आणि बाजारात भाजी पण अशीच घेतेस का, असं विचारलंत.

तुमचं सगळं शास्त्र पिकअपवर शिकलेलं. वीस वर्षं तुम्ही गावातली फुलं आणि केळी मुंबईला पोहोचवलीत. भरलेली पिकअप पुलाच्या चढावर मागच्या ट्रकने हॉर्न द्यायच्या आत उचलली पाहिजे, एवढीच तुमची अपेक्षा. मला टर्बो समजावून सांगायला तुम्हाला दोन मिनिटं पुरली होती. इंजिनाचा धूर फुकट बाहेर जातो, त्याच्या वाटेत एक चाक ठेवायचं. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते इंजिनात हवा कोंबतं. पहिलं चाक ती गरम बाजू, दुसरं ती गार बाजू. मग तुम्ही जे वाक्य बोललात ते मी ऑफिसच्या वहीत लिहून ठेवलं होतं. "छोटा टर्बो लवकर उठतो आनि लवकर दमतो. मोठा उशिरा उठतो आनि मग कोनाचं ऐकत नाय."

आणि तुमची ती परीक्षा. कुठल्याही गाडीचं काम झालं की तुम्ही मालकाला चालवायला बसवायचात, स्वतः शेजारी बसायचात आणि गाडी समुद्राकडच्या गल्लीत घ्यायला लावायचात. कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी गाडी इतकी हळू करावी लागते की सायकलवाला पुढे जातो. तिथे तुम्ही कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून डोळे मिटायचात. मग म्हणायचात, "दाब." आणि मोजायला लागायचात, येक, दोन, तीन. गाडीने ओढ घेतली आणि पाठ सीटला टेकली की मोजणी बंद. पन्नासच्या वर काटा न्यायला बंदी होती, मोजायला वेग लागत नाही असं तुमचं म्हणणं. दोनाच्या आत पाठ टेकली तर गाडी पास. नाही टेकली तर डोळे उघडून फक्त एवढंच, "घे शेडमधे." चांगल्या गाडीचं कौतुक तर तुम्ही कधी केलंच नाही. अगदी मनासारखी झाली असेल तर डोळे न उघडता म्हणायचात, "परत फिरव." तेच तुमचं प्रशस्तिपत्रक. लोक ते ऐकायला विरारहून, नालासोपाऱ्याहून यायचे. मी सहा गाड्यांच्या बाबतीत ते ऐकलं. माझ्या गाडीच्या बाबतीत एकदाही नाही.

मला वाटायचं की तुमची मोजणी म्हणजे म्हाताऱ्याचा चाळा. म्हणून मी एकदा गुपचूप मोबाईलवर वेळ लावून पाहिली होती. तुमचा एक म्हणजे सेकंदाहून जरासा मोठा, पण दर खेपेला तेवढाच. आमच्या लॅबमधली काही यंत्रं इतकी इमानदार नाहीत. हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वादात माझी बाजू पडली असती.

वाद काय होता हे आपल्याला दोघांनाही पाठ आहे. मी मोठा टर्बो मागवला. तुम्ही नको म्हणालात. मी ऐकलं नाही, आणि तुम्ही कपाळाला आठ्या घालून तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच पान्यांनी तो मला बसवू दिलात. लॅपटॉप जोडून इंजिनाचं मॅपिंग, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचं गणित, मी स्वतः केलं. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडीने एकशे अठ्ठ्याहत्तर हॉर्सपॉवर दाखवली, म्हणजे कंपनीतून आली तेव्हापेक्षा जवळजवळ सत्तर जास्त. तो आलेखाचा कागद मी तुमच्या नाकासमोर धरला होता. तुम्ही चष्मा लावून तो बराच वेळ पाहिलात आणि विचारलंत की ही गंमत किती आरपीएमला येते. साडेचार हजारांच्या पुढे, असं मी म्हटलं. बोळिंजपासून भुईगावपर्यंत येताना साडेचार हजारांच्या पुढे किती वेळा गेलीस, असं तुम्ही विचारलंत. एकदाही नाही. पण मी म्हटलं, हायवेला जाते. मग क्रुसापासची परीक्षा झाली आणि तुम्ही पाचापर्यंत मोजलंत. मी तेव्हा अगदी शांतपणे तुम्हाला सांगितलं की तुमची गल्ली माझ्या गाडीसाठी लहान आहे.

आता कबुली. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी आईला घेऊन अर्नाळ्याच्या रस्त्याने येत होते. पुढे पाण्याचा टँकर, समोर मोकळा रस्ता, लांबवर एक बस. मी बाहेर काढली आणि पाय दाबला. काही नाही. अजून काही नाही. मनात तुमच्या आवाजात मोजणी सुरू झाली होती, खरं सांगते. चारापर्यंत आले तेव्हा बस चांगलीच जवळ आली होती. आता आत घ्यावं म्हणून मी पाय उचलणार तेवढ्यात टर्बो उठला आणि गाडी बसच्या दिशेने झेपावली. मी ब्रेक मारून टँकरच्या मागे कशी घुसले ते मला आजही नीट आठवत नाही. आईच्या मांडीवरचा लाडवांचा डबा पायाशी सांडला होता. लाडू गोळा करताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले ते हेच सांगायला. पण मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "बाय, तो टर्बो काढ. माझं ऐक." आणि मला कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखं झालं. चूक झालेल्या माणसाला चूक दाखवली की तो जसा पिसाळतो तशी मी पिसाळले. मी म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर केळी वाहिलीत, काका. तुम्हाला गाडीतलं काय कळणार?"

तुम्ही कापडाला हात पुसलेत. "ठीक हाय, बाय," एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलंत. मी दीड महिना आले नाही.

मग तुमच्या घरून रेमेतकाकूंचा फोन आला की तुमच्या छातीत दुखलं आणि तुम्हाला ॲडमिट केलंय. मी आले तेव्हा तुम्ही बिनमिठाच्या पेजेवर करवादत होतात. आपण पेजेवर बोललो, वाडीतल्या माकडांवर बोललो, कोंबडीच्या पिल्लांवर बोललो. "चुकले" हा एक शब्द मी घरून निघताना तयार करून आणला होता, तो तसाच राहिला. तुम्ही म्हणालात की गोखिवऱ्याला एक काम अडकलंय, सुटलो की आपण दोघं जाऊ. मला वाटलं, कुणाच्या तरी इंजिनाचं हेड द्यायचं असेल लेथवर. हो म्हटलं, उद्या येते म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तुमच्या मातीला मी आले होते. मूठभर माती मीही टाकली. घरी पोहोचल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बंद न करता बसून राहिले. गरम टर्बो एकदम बंद करायचा नाही, इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, हे तुमचं पहिल्या दिवसापासूनचं बजावणं. तुम्ही घड्याळ बघत नव्हतात, त्या वेळात हळू आवाजात तीन वेळा 'नमो मारिया' म्हणायचात. शेजारी बसून बसून मलाही ती प्रार्थना पाठ झाली आहे. त्या संध्याकाळी मी ती तीन वेळा म्हटली आणि मग चावी फिरवली. वॉचमन काचेतून बघत होता. मी रडत होते ते त्याला दिसलं असणार.

आठवडाभराने गोखिवऱ्याहून लेथवाल्या शिंद्यांचा फोन आला. मनवेलशेठचा जॉब तयार आहे, न्यायला कधी येताय. मी म्हटलं, कुणाच्या गाडीचा? ते म्हणाले, तुमच्याच. लाल हॅचबॅक ना?

मी गेले. शिंद्यांनी बाकावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उचललं आणि माझ्या हातात दिलं. माझा टर्बो. म्हणजे, माझा जुना, छोटा, कंपनीतून आलेला टर्बो, जो मी काढून तुमच्या शेडच्या कोपऱ्यात टाकला होता. पण नुसता तो नव्हता. गरम बाजू जुनीच, छोटी. गार बाजूचं कव्हर मात्र आतून कातून मोठं केलेलं आणि त्यात मोठं चाक बसवलेलं. चाकाचं माप मी ओळखलं. माझ्या मोठ्या टर्बोच्या चाकापेक्षा ते जेमतेम नखभर लहान होतं. धूर अडवायला तुमचं छोटं, लवकर उठणारं. हवा भरायला माझ्या पसंतीचं मोठं, लवकर न दमणारं. शाफ्ट फिरवून बघितला तर कुठेही अडत नव्हता. बॅलन्सिंगसुद्धा शिंद्यांनी करून आणलं होतं, कारण त्याशिवाय जॉब हातात घेणार नाही असं तुम्ही त्यांना बजावलं होतंत.

मी शिंद्यांना विचारलं की हे काम तुम्ही त्यांना कधी सांगितलंत. त्यांनी आठवून सांगितलं तो दिवस मी तुम्हाला केळ्यांवरून बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा निघाला. पिशवीत टर्बो आणि हातात माझा तो डायनोचा कागद घेऊन तुम्ही रिक्षाने आला होतात. आणि आलेखावर बोट ठेवून म्हणाला होतात, "वरचं पोरीचं खरं हाय, खालचं माझं. तू फकत दोघांना येका शाफ्टवर बसव." शिंदे म्हणाले, मग तिला घेऊन या ना, मापं बघेल. त्यावर तुम्ही हात जोडलेत. तयार होईपर्यंत तिला सांगू नको, नाहीतर इथेच उभी राहून सगळी मापं बदलायला लावील.

काका, मी तिथे लेथच्या लोखंडी भुशावर उभी राहून आधी हसले आणि मग शिंद्यांच्या स्टुलावर बसून घेतलं. जो माणूस माझ्यावर रुसला असं मी दीड महिना धरून चालले होते, तो दुसऱ्या दिवशी माझा कागद घेऊन रिक्षात बसला होता. मी चुकले असं मला म्हणता आलं नाही. पोरीचं थोडं खरं आहे, असं तुम्हालाही मला तोंडावर म्हणता आलं नाही. तुम्ही ते शिंद्यांना सांगितलंत. आपण दोघंही एका मापाचे हट्टी, एवढं तरी यातून सिद्ध झालं.

काकूंनी शेडचं कुलूप काढून दिलं. तीन रविवार मी तिथे होते. मोठा टर्बो उतरवला, तुमचा बसवला, नळ्या जोडल्या, मॅपिंग नव्याने केलं, हवेचा दाब एकदम न वाढवता थोडा थोडा वाढवला. तिसऱ्या रविवारी दुपारी क्रुसापासून एकटीच गेले आणि स्वतःच मोजलं. तीन. परत गेले. तिनाच्याही पुढे. मला तुमच्यासमोर नापास झाल्यासारखं वाटलं. गाडी शेडमध्ये घेतली आणि लॅपटॉपवर आलेखामागून आलेख बघत बसले. दोष माझ्या आकड्यांत असणार असं धरून मी दीड तास आकडे उलटेपालटे केले.

काकू चहा घेऊन आल्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "साबन लावला का?"

नव्हता लावला. तुमचा नियम, नळ्या जोडल्या की आत हवा भरायची आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी ओतायचं, फुगे आले की सांधा गळतोय. मला ते कायम म्हातारपणाचं काम वाटायचं. काकूंनी धुण्याच्या साबणाचं पाणी मगातून आणलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच ओतायला लागल्या. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या सांध्यावर बारीक फुग्यांची रांग फुटली. पान्याचे दीड फेरे द्यायला हवे होते, ते मी घाईत दिले नव्हते. टर्बो बिचारा उठत होता आणि त्याची हवा वाटेतच गळत होती. काकू म्हणाल्या की हे रोज शेडमधून ओरडायचे, साबन आन गं, साबन आन, म्हणून मग धुण्याचा एक वेगळाच ठेवावा लागला होता. तो अजून तिथेच आहे, खिडकीत.

डायनोवर आता एकशे बावन्न दाखवते. माझ्या जुन्या आकड्यापेक्षा सव्वीस कमी. त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटतं. वरच्या टोकाला गाडी जरा लवकर दमते आणि तो दोष तुमच्या छोट्या गरम बाजूचा आहे, हे मी तुम्हाला ऐकवणारच. पण दोन हजारांपासून पुढे ती जी हाताशी असते, ती मला कधी मिळाली नव्हती. परवा आईला घेऊन त्याच अर्नाळ्याच्या रस्त्याने गेले. पुढे टँकर होताच, त्या रस्त्याला टँकर नाही असं होत नाही. रस्ता लांबवर रिकामा बघून बाहेर काढली, पाय दाबला, आणि टँकर मागे गेला. आईने डबा धरून ठेवला होता. थोड्या वेळाने तिने तो सोडला आणि खिडकीची काच खाली केली.

काल चर्चमध्ये, तुमच्या भाषेत देवळात, तुमची महिन्याची मिस्सा होती. देऊळभर माणसं, बाहेर गाड्या, त्यातल्या निम्म्या तुमच्या हातच्या. मिस्सा झाल्यावर लोक चहापाण्याला घरी आले, गेले. मीही निघाले तशा काकू काळ्या साडीत पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या आणि शेजारचं दार उघडून आत बसल्या. मला वाटलं, कुठे सोडायचंय. त्यांनी हाताने समुद्राकडची गल्ली दाखवली.

क्रुसापाशी मी गाडी हळू केली. काकूंनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला आणि डोळे मिटले. इतकी वर्षं ओट्यावर बसून त्यांनी ते सगळं गाडीवाल्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. "दाब," त्या म्हणाल्या. मी पाय दाबला.

"येक," काकूंनी मोजलं. "दो..."

पाठ सीटला टेकली. उरलेला आकडा त्यांच्या तोंडातच राहिला. गल्लीतल्या भिंती आणि केळी मागे सरकत होत्या, काटा पन्नासच्या आत होता, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला धजत नव्हते.

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

"परत फिरव," त्या म्हणाल्या.